ती मी नव्हेच

आमच्या नेरूळच्या घरात संध्याकाळी सात ते साडेदहा या वेळात कुणीही आजारी पडायचं नाही, असा नियम आहे. पडलंच कुणी, तर कण्हायचं जाहिरातीत. सासूबाई सोफ्याच्या खिडकीकडच्या कोपऱ्यात, रिमोट पदराखाली, आणि पुढचे साडेतीन तास घरात जे काही घडायचं ते फक्त पडद्यावर. हार्बर लाइनमध्ये अंग चेपून घेऊन मी दारात उभी राहते, तेव्हा त्या नजर न हलवता आपले पाय तेवढे आत घेतात. मला जायला वाट होते. हे स्वागत समजायचं.

सध्या त्यांच्या लाडक्या मालिकेत नायिका दोन आहेत. पहिली गुणी. तिला कुणीतरी कड्यावरून ढकललं. ती पडली ती थेट झाडाच्या फांदीत अडकली (मालिकांमधल्या कड्यांखाली झाडं लावण्याचं काम वनखातं फार निष्ठेनं करतं) आणि तिच्या जागी हुबेहूब तिच्याच चेहऱ्याची दुसरी घरात शिरली. ही दुसरी चेटकीण आहे, हडळ आहे की गेल्या जन्मीची सवत, ते लेखकाचं अजून ठरलेलं नाही. टीआरपीचा आकडा गुरुवारी येतो. त्यानंतर ठरेल.

दुसरी वाईट आहे, हे आम्हा प्रेक्षकांना पहिल्या मिनिटाला कळतं. काजळ दुप्पट. टिकली गोल होती, ती उभी राहून नागमोडी झालेली. केस मोकळे आणि पंखा बंद असतानाही उडणारे. एक भुवई कायमची वर. ती देवघरासमोरून गेली की समई विझते, तुळस माना टाकते, दूध नासतं. घरात चौदा माणसं आहेत. त्यांत एक डॉक्टर, एक वकील आणि एक पोलीस खात्यातला मेहुणा. कुणाला काही कळत नाही. फार तर आत्याबाई म्हणतात, "सूनबाई आज जरा वेगळी वाटते, नाही?" त्यावर कुणीतरी म्हणतं, "दगदग झाली असेल."

मला एकदा राहवलं नाही. "आई, बायकोच्या कपाळावर नाग उगवला तरी नवऱ्याच्या लक्षात येत नाही?"

"त्याला ऑफिसची कामं असतात," सासूबाई म्हणाल्या.

हेच वाक्य त्या आमच्या घरातल्या नवऱ्याबद्दलही म्हणतात, त्यामुळे विषय तिथेच मिटला.

या दुसरीचं अर्थशास्त्र मोठं सोयीचं असतं. नटी एक, साड्यांचं कपाट एक, कथानकं दोन. गुणी नायिकेचे सगळे छळ करून संपले, तिची स्मृती जाऊन परत आली, तिचं त्याच नवऱ्याशी पुन्हा लग्नही लावून झालं, की मग उरतं काय? तिचीच आणखी एक प्रत. दोघी समोरासमोर येतात तेव्हा एकीचा चेहरा दिसतो आणि दुसरीची पाठ. ती पाठ डुप्लिकेटची. मग फिरवून उलट. मी आता पाठीवरून डुप्लिकेट ओळखू शकते, खऱ्या नटीपेक्षा तिचा ब्लाऊज खांद्यावर ढगळ असतो. ही विद्या मी घरात उघड केली, तर सासूबाई म्हणाल्या, "तुला गोष्ट बघायचीय की पाठी?"

तशी ही परंपरा आता चांगलीच मुरलेली आहे. झी मराठीवर 2022 साली सुरू झालेल्या 'सातव्या मुलीची सातवी मुलगी'मध्ये विरोचक नावाचा असुर रुपालीच्या रूपात घरातच नांदत होता. नायिका नेत्राला भविष्य दिसायचं, पण जेवायला आपल्या शेजारी कोण बसलंय हे कळायला तिला बराच काळ लागला. ऐश्वर्या नारकर ती रुपाली इतक्या झोकात करायच्या, की सासूबाई उघड उघड असुराच्या बाजूला होत्या. "साडी बघ कशी चापूनचोपून नेसते" हा त्यांचा युक्तिवाद. आणि वर माझ्या कुर्त्याकडे एक नजर. 'माझी तुझी रेशीमगाठ'मध्ये तर भूतबाधा वगैरे काही नव्हतं, तरी नेहा गेली आणि डिट्टो नेहासारखी दिसणारी अनुष्का आलीच. हिंदीवाले आणखी पुढे गेले. 2016 साली 'ससुराल सिमर का'ची नायिका चक्क माशी झाली होती. घरातल्याच खोल्यांतून घोंघावत होती बिचारी. निदान तिला न ओळखल्याबद्दल मी सासरच्यांना दोष देणार नाही.

पण या सगळ्यावर कडी केली ती 'रात्रीस खेळ चाले'नं. सावंतवाडीजवळच्या आकेरीचा तो वाडा बघायला माणसं गाड्या करून जात. 2016 च्या पहिल्या पर्वात अण्णा नाईक सुरुवातीलाच मेले. 2019 च्या दुसऱ्या पर्वात गोष्ट मागे गेली म्हणून ते जिवंत. 2021 च्या तिसऱ्यात भूत. एका माणसानं एवढं करावं, हे ठीक आहे. पण तिसऱ्या पर्वात मध्येच शेवंता बदलली. अपूर्वा नेमळेकर गेल्या आणि कृतिका तुळसकर आल्या. जिच्यापायी अण्णांनी घरदार, अब्रू आणि अखेर जीव घालवला, त्या बाईचा अख्खा चेहरा बदलला, आणि अण्णांनी अवाक्षर काढलं नाही!

तेव्हा नियम असा दिसतो. चेहरा तोच राहून आतलं माणूस बदललं, तर घरात कुणाला कळत नाही. माणूस तेच राहून चेहरा बदलला, तरीही घरात कुणाला कळत नाही. मी हा सिद्धान्त जाहिरातीच्या वेळात सासूबाईंपुढे मांडला.

"उगाच मालिकांना नावं ठेवू नकोस," त्या म्हणाल्या. "सूर्याला तरी कुठे कळलं होतं?"

सूर्याची ती गोष्ट अशी. त्याची बायको संज्ञा. तिला नवऱ्याचं तेज सोसेना. तिनं आपल्या सावलीपासून हुबेहूब स्वतःसारखी छाया तयार केली, तिला संसारात उभी केली आणि आपण निघून गेली. सूर्य महाराज मजेत. छायेला त्यांच्यापासून मुलंही झाली, शनिदेव त्यांतलेच. पुढे छाया संज्ञेच्या मुलांशी दुजाभाव करायला लागली, यमाला तिनं शाप दिला, तेव्हा कुठे यजमानांच्या डोक्यात प्रकाश पडला, की सख्खी आई असा शाप देईल कशी? साऱ्या त्रिभुवनाला उजेड पुरवणारा माणूस, आणि स्वयंपाकघरात कोण आहे ते त्याला दिसलं नव्हतं.

"त्यालाही ऑफिसची कामं असणार," मी म्हटलं.

"असतातच. रोज उगवायचं असतं त्याला," सासूबाई म्हणाल्या.

मुलगी कानातली बोंडं काढून मध्येच बोलली, की हे बाहेरही असंच असतं. 'द व्हॅम्पायर डायरीज'मध्ये नीना डोब्रेव्हच साधी एलेना आणि नीना डोब्रेव्हच पाताळयंत्री कॅथरीन; एकीचे केस सरळ, दुसरीचे कुरळे. आणि 1967 साली 'स्टार ट्रेक'च्या एका भागात दुसऱ्या विश्वातला स्पॉक येतो, त्याला दाढी. तेव्हापासून दाढी म्हणजे दुष्ट जुळा, असा तिकडे संकेतच पडला.

"दाढीवाला तो वाईट?" सासूबाई खवळल्या. "मग तुझे आजोबा?"

भिंतीवरच्या फोटोतून सासरे दाढीसह आमच्याकडे बघत होते. मुलीनं बोंडं परत कानात घातली.

नवऱ्याला इतिहासाची आवड. घरात कुणी ऐकत नाही म्हणून ती दबून असते, पण संधी मिळाली की उसळते. तो म्हणाला, "मालिका कशाला हव्यात? आपल्याकडे तोतया भाऊसाहेब होता ना!" आणि मग त्यानं 1761 पासून सुरुवात केली. पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले, पण लोकांचा विश्वास बसेना. मग एक गृहस्थ उगवले, 'मीच तो भाऊ' म्हणू लागले. पकडले, चौकशी झाली, रत्नागिरीच्या किल्ल्यात डांबले. तिथून ते सुटले आणि कोकणातले किल्ले घेत सुटले. माणसं धडाधड त्यांच्याकडे जाऊ लागली. पेशव्यांच्या फौजेनं मोडलं तेव्हा पळून कुलाब्याकडे गेले, तिथे राघोजी आंग्र्यांनी धरून पुण्याच्या हवाली केलं, आणि 1776 साली देहदंड. न. चिं. केळकरांनी त्यावर 'तोतयाचे बंड' हे नाटक लिहिलं.

"आणि माणसांना कळलं नाही हा तो नव्हे म्हणून?" मुलीनं विचारलं.

"कळून घ्यायचंच नव्हतं. भाऊ परत हवे होते लोकांना."

"पार्वतीबाईंना विचारलं होतं का कुणी?" सासूबाईंनी विचारलं. "बायको होती त्याची. किल्ले कसले घेत बसलात!"

नवरा म्हणाला, पुस्तकात बघून सांगतो. तो अजून बघतोय.

खरं सांगायचं तर डबल रोलच्या बाबतीत आम्ही नवी मुंबईकरांनी कुणाला हसू नये. आमचं गावच मुळात डबल रोल आहे. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी 1965 मध्ये 'मार्ग'च्या अंकात कल्पना मांडली, की मुंबई भरून वाहतेय, खाडीपलीकडे दुसरी उभारा. 17 मार्च 1970 ला सिडको स्थापन झाली आणि तिनं दुसरी उभारायला घेतली. उभारताना मात्र एक गंमत केली. प्रत्येक उपनगरात सेक्टरचे आकडे पुन्हा एकपासून. त्यामुळे सेक्टर 15 वाशीला आहे, बेलापूरला आहे, ऐरोलीला आहे आणि खारघरलाही आहे. शिवाय सिडकोच्या जुन्या इमारतींचा साचा ठरलेला, जिना तिथेच, गॅलरी तिथेच, ओल आलेली भिंतसुद्धा तिथेच. आमच्याकडे पत्ता सांगताना उपनगराचं नाव गाळलं, की माणूस हरवत नाही, तो पोहोचतो. फक्त दुसऱ्यांच्या घरी.

सांगलीचे मामा, म्हणजे सासूबाईंचे धाकटे भाऊ, असेच पोहोचले. रिक्षावाल्याला त्यांनी सेक्टर सांगितला, इमारतीचं अक्षर सांगितलं, खोली नंबर सांगितला. नेरूळ तेवढं सांगायचं राहिलं. रिक्षावाल्यानं त्याच्या सोयीचं उपनगर निवडलं. मामा दुसऱ्या मजल्यावर गेले. दार उघडंच होतं. आत अंधार करून माणसं टीव्हीसमोर बसलेली. मामांनी चपला काढल्या, पिशवी कोपऱ्यात ठेवली आणि मोकळ्या खुर्चीत बसले. कुणीतरी न बघता पाय आत घेतले. मामांना वाटलं, बहिणीचंच घर. कुणीतरी पाणी आणून दिलं. कुणीतरी पोह्यांची बशी हातात दिली. पडद्यावर दुसरी नायिका पहिलीचा गळा दाबत होती. मामांनी विचारलं, "ही का दाबतेय?" शेजारच्या बाईंनी सविस्तर सांगितलं. चांगला अर्धा तास गेला. भाग संपला, दिवा लागला, आणि एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "आपण कोण?"

मामा म्हणाले, "तुम्ही कोण?"

चूक उलगडल्यावर त्यांनी मामांना जेवूनच पाठवलं. मामा रात्री अकराला आमच्याकडे आले तेव्हा पहिलं वाक्य हे म्हणाले, "आक्का, त्या लोकांकडचा टीव्ही मोठा आहे गं." आणि आमच्याकडे? साडेदहा वाजेपर्यंत मामा आले नाहीत, हे कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

यानंतर जे घडलं त्याला माझा घसा जबाबदार. तो बसला. डॉक्टरांनी बजावलं, आवाज परत येईपर्यंत एक अक्षर बोलायचं नाही, कुजबुजसुद्धा नाही. घरी येऊन मी गळ्याकडे बोट दाखवलं, तोंडावर हात ठेवला, औषधाची बाटली हलवून दाखवली. पावणेनऊ वाजले होते. सासूबाईंनी पाय आत घेतले. मग मी चिठ्ठी लिहून फ्रिजवर लावली. आमच्या फ्रिजवर दूधवाल्याचे हिशेब, प्लंबरचा नंबर आणि मुलीच्या पाचवीतल्या वेळापत्रकापासून सगळं लावलेलं असतं. तिथे लावलेलं कुणी वाचायचं नसतं.

मग मी मौनातच संसार करू लागले. बोलता येत नव्हतं, म्हणून हसत होते. सासूबाई म्हणाल्या, आमटीत मीठ कमी आहे. मी हसले आणि मीठ आणून दिलं. नवरा म्हणाला, रविवारी चार मित्र जेवायला येतील. मी हसले आणि मान हलवली. मुलीनं खोलीचं दार आपटलं. मी ते हळूच लावून घेतलं. घरात एवढी शांतता पसरली, की खालच्या मजल्यावरच्यांनी आम्ही गावाला गेलो का म्हणून चौकशी केली.

आणि मग एका रात्री मी स्वयंपाकघरात असताना बाहेरचं बोलणं कानावर आलं.

"अरे, ही आपली वाटत नाही," सासूबाई सांगत होत्या.

"कशावरून?"

"परवा मी हिच्या माहेराबद्दल बोलले."

"मग?"

"हसली."

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग नवऱ्यानं विचारलं, "बरं, मग करायचं काय?"

"तेच तुला विचारतेय."

"घाई कशाला करायची?" नवरा म्हणाला.

मला लखोबा लोखंड्यांचा हेवा वाटला. अत्र्यांच्या 'तो मी नव्हेच'मध्ये त्या निपाणीच्या माणसाला कोर्टात एवढंच म्हणायचं होतं, की तो मी नव्हेच. मला स्वतःच्या घरात 'ती मीच' हे सिद्ध करायचं होतं, आणि तेही न बोलता.

सासूबाई पुराव्याशिवाय पुढे जाणाऱ्यांतल्या नव्हेत. आमच्याच मजल्यावर अमरावतीकडच्या एक काकू राहतात. त्यांनी तोडगा सांगितला. "दमयंती आमच्याकडचीच हो," त्या म्हणाल्या. कौंडिण्यपूर म्हणजे विदर्भाची जुनी राजधानी, ते अमरावती जिल्ह्यातच; त्यामुळे दमयंतीवर काकू माहेरचा हक्क सांगतात. तिच्या स्वयंवराला इंद्र, अग्नी, वरुण आणि यम हे चौघंही नळाचं रूप घेऊन बसले. मंडपात पाच नळ. पण पोरगी हुशार. तिनं खुणा पाहिल्या. खोट्यांना घाम येत नव्हता, पापणी लवत नव्हती, गळ्यातले हार कोमेजत नव्हते, पाय जमिनीला टेकत नव्हते आणि सावली पडत नव्हती. खरा नळ तेवढा घामाघूम. विदर्भात ही परीक्षा सोपी जाते, असं काकूंचं मत. मे महिन्यात स्वयंवर ठेवलं तर तासाभरात निकाल.

दुसऱ्या दिवशी परीक्षा सुरू झाली. मला आधी कल्पना नव्हती, नाहीतर तयारी केली असती. नेमकं त्या संध्याकाळी ऑफिसातल्या मैत्रिणीनं तिच्या एसी गाडीतून सोडलं. मी दारात उभी राहिले, आणि सासूबाईंनी चालू मालिका सोडून माझ्या कपाळावर हात फिरवला. कोरडं ठणठणीत. सांगायला हवं का, की नवी मुंबईच्या हवेत पंख्याखाली बसलेला दगडसुद्धा घामेजतो? एक खूण झाली. मग त्यांनी माझ्या अंबाड्यातला गजरा हुंगला. ऑफिसात कुणाच्या तरी डोहाळजेवणाला वाटलेला, प्लास्टिकचा. सकाळपासून एकही पाकळी हलली नव्हती. दुसरी. जेवण झाल्यावर मी मोबाइलवर वीजबिल भरत होते आणि पैसे कापले गेले तरी पावती येत नव्हती. अशा वेळी पापणी लवते का कुणाची? कोपऱ्यातून सासूबाई बघत होत्या. तिसरी. मग वरच्या फळीवरचा पोह्यांचा डबा काढायला मी स्टुलावर चढले, तेव्हा त्या वाकून माझ्या पायांखाली बघताना मला दिसल्या. चौथी. सावलीचं तेवढं उरलं होतं. त्या मला पॅसेजमध्ये उभी करून दिवा लावायला गेल्या, आणि इमारतीची वीज गेली.

काळोखात सासूबाईंनी रामरक्षा सुरू केली. मुलीनं मोबाइलची बॅटरी माझ्या चेहऱ्यावर खालून मारली, त्यानं प्रकरण आणखी बिघडलं. नवरा शांतपणे म्हणाला, "आई, असली तरी असू दे. भांडी किती आवाज न करता घासते ते बघ." मुलगी म्हणाली, "पॉकेटमनी मागितला तर ही कारण विचारत नाही. माझं हिला मत."

एवढंच नव्हे, तर वीज आल्यावर सासूबाईही जरा विचारात पडलेल्या दिसल्या. म्हणाल्या, "तशी आमटी चांगली करते."

माझ्या जागी आलेल्या बाईला घरात बहुमत मिळालं होतं! कड्याखाली झाडावर लटकलेल्या नायिकांबद्दल त्या रात्री मला पहिल्यांदा सहानुभूती वाटली. त्या कशाला घाई करून परत येतात, तेही कळेना.

आवाज परत आला तो सकाळी. आंघोळ करून बाहेर पडलेल्या नवऱ्यानं ओला टॉवेल नुकत्याच बदललेल्या चादरीवर टाकला, आणि इतक्या दिवसांचा तुंबलेला मजकूर एका दमात माझ्या तोंडून बाहेर पडला. त्यात टॉवेल होता, रविवारचे चार मित्र होते, आमटीतलं मीठ होतं आणि माझं माहेरही होतं. समोरच्या इमारतीतल्या गॅलऱ्यांत माणसं आली. सासूबाईंनी देवघराकडे बघून हात जोडले.

"आली गं बाई माझी परत!"

"एवढ्यात?" नवरा म्हणाला.

घरात सगळं पूर्ववत झालं. सासूबाई आणि मी पुन्हा कडाकडा भांडू लागलो, आणि त्या भांडणात आता एक वेगळाच जिव्हाळा असतो. मी उलट बोलले की त्यांना हायसं वाटतं.

पण मागच्या रविवारी नवरा उठला, कुणी न सांगता दोरीवरचे कपडे काढले, घड्या घातल्या, प्रत्येकाच्या कपाटात नेऊन ठेवल्या, मग गॅसचा ओटा पुसला आणि म्हणाला, "तुम्ही दोघी बसा. चहा मी टाकतो." स्वयंपाकघरातून भांड्यांचा बेताचा आवाज येत होता. सासूबाईंनी टीव्हीचा आवाज बंद केला. आम्ही दोघी दाराशी जाऊन डोकावलो आणि एकदमच त्याच्या पायांकडे पाहिलं. पाय जमिनीला टेकलेले होते.

"तेवढ्यावर जाऊ नकोस," सासूबाई माझ्या कानात म्हणाल्या. "आधी घाम बघ."